जुन्या मिलिंग मशीनचे सुटे भाग आणि टूल होल्डर गोव्यात राहून कसे मिळवावेत?

डिचोलीचा कारागीर

नमस्कार मंडळी. डिचोलीला आमचे लहानसे वर्कशॉप आहे. वडिलांनी ते खाणींच्या कामावर उभे केले होते. टिपरच्या पिना, लोडरचे बुश आणि बार्जचे शाफ्ट ही तेव्हाची रोजची कामे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, तशी ती कामे आटली. आता मालीम आणि कुटबणच्या मासेमारी जेट्टींवरील ट्रॉलरांच्या विंचचे भाग, काजू कारखान्यांतील यंत्रांच्या दुरुस्त्या आणि शाफ्टवर कीवे (चावी बसवण्याची खाच) पाडणे यांवर आमचे चालते. या सगळ्या कामांचा कणा म्हणजे वडिलांनी वास्कोच्या एका लिलावात घेतलेले जुने आडवे मिलिंग मशीन, ज्याला वरून उभे हेडही बसवता येते. बिडाचा सांगाडा भक्कम आहे, टेबल अजून सरळ चालते, पण कॉलमवरची नामपट्टी आम्ही घेतले तेव्हाच गेलेली होती आणि तिच्या जागी फक्त दोन रिकामी भोके आहेत.

अडचण अशी आहे की या मशीनला मूळचे तीनच होल्डर (कटर धरणारे भाग) आहेत: १ इंची लांब आर्बर (कटर ओवायचा दांडा), एक आखूड आर्बर आणि एक एंड मिल होल्डर, ज्याचे भोक आता इतके झिजले आहे की कटर थरथरतो. मी ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘चाळीस टेपर’चा, म्हणजे ४० क्रमांकाच्या निमुळत्या शंकूचा, नवा कोलेट चक (कटरची शँक आवळून धरणारा होल्डर) मागवला. तो स्पिंडलमध्ये (कटर फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टमध्ये) व्यवस्थित बसला, परंतु ड्रॉबार (होल्डरला मागून ओढून धरणारा लांब बोल्ट) दोन आटे जाऊन अडकला आणि पुढे जाईना. जोर लावायचा मोह झाला होता, पण वडिलांनी हात धरला. याशिवाय फीड (टेबल आपोआप सरकवणाऱ्या) गिअरबॉक्समधील ३८ दात्यांच्या एका गिअरचे दोन दाते तुटले आहेत आणि टेबलाच्या स्क्रूमध्ये खूप ढिलाई आली आहे. मी जिथे जिथे फोन करतो तिथे पहिला प्रश्न येतो, ‘मशीन कोणत्या कंपनीचे?’ आणि मला उत्तर देता येत नाही. अशा मशीनसाठी भाग मिळवण्याचा मार्ग कोणी दाखवावा, ही विनंती.

निदेशक, फोंडा

मी आयटीआयमध्ये बरीच वर्षे मशीनिस्ट ट्रेड शिकवला आहे. तुमचा प्रश्न वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही की, कंपनीचे नाव माहीत नसणे ही तुम्हाला वाटते तेवढी मोठी अडचण नाही. मिलिंग मशीनचा बनवणारा कोणीही असो, त्याने स्पिंडलचे नाक, टेपर, बेअरिंग, ऑइल सील, पट्टे आणि बहुतेक गिअर हे साधारणपणे प्रचलित मानकांच्या मापात बनवलेले असतात. कारखाना बंद पडला तरी ते मानक चालूच राहते. म्हणून ‘कोणत्या कंपनीचे?’ या प्रश्नाला तुम्ही मापाने उत्तर द्यायला शिकलात, की निम्म्याहून अधिक काम झाले असे समजा.

सुरुवात स्पिंडलच्या नाकापासून करा. सर्व होल्डर काढून, नाक रॉकेलने स्वच्छ पुसून, त्याचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने घ्या. तो ६९.८३ मिमीच्या आसपास आला तर टेपर ३० आहे, ८८.८८ आला तर ४० आणि १२८.५७ आला तर ५०. आतल्या टेपरच्या तोंडाचा व्यास अनुक्रमे ३१.७५, ४४.४५ आणि ६९.८५ मिमी असतो, परंतु तो व्हर्नियरने नीट मोजता येत नाही, कारण जबडे नेमके कडेवर टेकत नाहीत. बाहेरचे माप मात्र फसवत नाही. तिन्ही टेपर ७:२४ या एकाच उताराचे आहेत. हा उतार मोठा असल्यामुळे होल्डर स्वतःच्या घर्षणाने अडकून राहत नाही. त्याला ड्रॉबारने ओढून धरावे लागते आणि कापण्याचा जोर नाकावरच्या दोन चाव्या घेतात. मोर्स टेपर याच्या उलट आहे. तो साधारण १:२० उताराचा असल्याने आपोआप घट्ट बसतो आणि ठोकून काढावा लागतो.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण आमच्या विद्यार्थ्यांची ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. टरेट पद्धतीच्या लहान उभ्या मशीनमध्ये आर८ नावाचा वेगळा टेपर असतो. त्याच्या तोंडाचा व्यासही ३१.७५ मिमीच असतो आणि कोन १६ अंश ५१ मिनिटे, तर ७:२४ चा कोन सुमारे १६ अंश ३६ मिनिटे. डोळ्याला हा फरक कधीही दिसणार नाही. पण आर८ ला टेपरच्या मागे २४.१ मिमीचा सरळ भाग असतो आणि ड्रॉबारचे आटे ७/१६ इंच, २० आट्यांचे असतात. तुमचे मशीन आडवे असल्याने ही शक्यता कमी आहे, तरीही वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिले.

आता ड्रॉबार. त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास आणि एका इंचात किती आटे बसतात, हे पिच गेजने (आट्यांमधील अंतर, म्हणजे पिच, तपासायच्या पानांनी) पाहून इथे लिहा. माझा अंदाज आहे, पण तुमची मापे आल्याशिवाय मी तो सांगणार नाही.

डिचोलीचा कारागीर

सर, मनापासून आभार. नाकाचा बाहेरचा व्यास चार ठिकाणी घेतला, तो ८८.८६ ते ८८.८८ मिमी आला, म्हणजे टेपर ४० निश्चित. ड्रॉबारच्या आट्यांचा व्यास १५.८ मिमी भरला आणि पिच गेजच्या पानांपैकी ११ आटे प्रति इंच हे पान प्रकाशात धरल्यावर फट न दाखवता बसले. नव्या कोलेट चकच्या आत २ मिमी पिचचे पान बसते.

जुना फिटर

तर मग निदेशक सरांचा अंदाज मीच सांगून टाकतो. तुमचा ड्रॉबार ५/८ इंची आहे आणि विक्रेत्याने दिलेला होल्डर एम१६, म्हणजे १६ मिमी मेट्रिक आट्यांचा आहे. ५/८ इंच म्हणजे १५.८७५ मिमी, म्हणून तो १६ मिमीच्या भोकात प्रेमाने शिरतो. पण ११ आटे प्रति इंच म्हणजे पिच सुमारे २.३१ मिमी आणि एम१६ ची पिच २ मिमी. प्रत्येक फेऱ्याला ०.३१ मिमीचा फरक साचत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला आटे एकमेकांवर चढतात. तुमच्या वडिलांनी हात धरला हे फार बरे झाले. जोराने आवळला असता तर होल्डरचे आटे तर गेलेच असते, पण त्याहून वाईट म्हणजे तो दोन आट्यांवर लटकत राहिला असता आणि जड कापणी चालू असताना सुटला असता. मी असा सुटलेला होल्डर एकदा पाहिला आहे. त्या दिवशी समोर कोणी उभे नव्हते, एवढेच आमचे नशीब.

आणखी एक बारकावा आहे. ११ आटे प्रति इंच हे ५/८ च्या ब्रिटिश व्हिटवर्थमध्येही असतात आणि अमेरिकन यूएनसीमध्येही. फरक फक्त आट्याच्या कोनात, ५५ आणि ६० अंशांचा. दोन्ही एकमेकांत बहुधा जातील, पण बाजूंचा टेकू नीट मिळणार नाही. म्हणून पिच गेजच्या ५५ अंशांच्या आणि ६० अंशांच्या अशा दोन्ही पानांनी तपासा. ज्या पानाने आट्याची बाजू तळापासून टोकापर्यंत झाकली जाईल, ते खरे.

उपाय सोपा आहे: जुन्या ड्रॉबारला हात लावू नका, तो जुन्या तीन होल्डरांसाठी ठेवा आणि नवीन होल्डरांसाठी एम१६ चा दुसरा ड्रॉबार बनवा. मी तो असा बनवतो. ईएन८ पोलादाचा १६ मिमीचा ब्राइट बार घ्यायचा, कारण ४० च्या स्पिंडलमधले आरपार भोक साधारण १७ मिमीचे असते आणि त्यात जाड बार जात नाही. पुढच्या टोकावर ४५ मिमी लांब एम१६ आटे लेथवर कापायचे. डायने पाडलेले आटे लांब बारवर हमखास तिरके जातात आणि मग ड्रॉबार ओढताना होल्डरला एका बाजूला खेचतो. मागच्या बाजूला खांदा आणि षटकोनी डोके बसवायचे, ते स्पिंडलच्या मागच्या तोंडावर सपाट टेकले पाहिजे. खांद्याची बाजू आट्यांच्याच सेटिंगमध्ये, बार न काढता फेस करून घ्या.

लांबी ठरवताना घाई करू नका. बाजारात आज तीन प्रकारचे ४० टेपर होल्डर सहज दिसतात. हाताने बदलायच्या मशीनसाठी असलेला जुना डीआयएन २०८० प्रकारचा होल्डर नाकापासून मागे ९३.४ मिमी लांब असतो, सीएनसीचा (संगणकचालित मशीनचा) बीटी ४० मात्र ६५.४ मिमी आणि त्याच घराण्यातला एसके ४० हा ६८.४ मिमी. म्हणजे बीटी होल्डर तुमच्या स्पिंडलमध्ये बरोबर बसेल, पण त्याची शेपटी २८ मिमी आखूड असल्याने जुन्या लांबीचा ड्रॉबार त्याला पोचणारच नाही. बीटीमध्ये आटे अगदी तोंडापासून सुरू होत नाहीत, आधी साधे भोक असते, तेही या २८ मिमीमध्ये मिळवा. बीटी होल्डरच्या मागचा पुल स्टड (सीएनसी मशीन ज्याला पकडून ओढते तो खुंट) काढून टाकायचा आणि त्याच एम१६ आट्यात ड्रॉबार जायला हवा, किमान २० मिमी तरी आत. एकाच लांब बारवर एम१६ चे डीआयएन २०८० होल्डरही चालवायचे असतील, तर डोक्याखाली घालायला २८ मिमी जाडीची एक बाही कापून ठेवा, नाहीतर बार होल्डरच्या तळाला टेकेल आणि होल्डर आवळल्यासारखा वाटेल, पण टेपर ढिलाच राहील.

अवजारवाली, मडगाव

मी मडगावला कटिंग टूलचे दुकान चालवते आणि विकणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहिते. ‘४० टेपर होल्डर द्या’ एवढेच सांगितले, तर दुकानदार जे हाताशी असेल ते देतो, आणि आज हाताशी असते ते बीटी ४०, कारण वेर्णा आणि कुंडईच्या वसाहतींतील सीएनसी मशीन तेच मागतात. म्हणून मागणी लिहून द्यावी. त्यात टेपरचा आकडा, शेपटीचा प्रकार, ड्रॉबारचे आटे आणि होल्डरच्या तोंडाला काय हवे, या चार गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ, ‘डीआयएन २०८० आयएसओ ४०, एम१६, ईआर३२ कोलेट चक’. ५/८ इंची आट्यांचे होल्डर हवे असतील तर तेही मिळतात. अमेरिकन पद्धतीच्या कॅट ४० होल्डरांमध्ये मागे ५/८ इंच ११ आट्यांचाच धागा असतो, परंतु जुन्या फिटरबाबांनी सांगितलेल्या बीटीप्रमाणे त्यांचीही शेपटी आखूड असते. इथे ते मागवूनच घ्यावे लागतात.

माझा सल्ला विचाराल तर तीनच होल्डर आधी घ्या. एक ईआर३२ चक आणि ३ ते २० मिमीचा कोलेटचा संच, एक १६ किंवा २० मिमीचा साइड लॉक होल्डर आणि एक २७ मिमीचा शेल मिल आर्बर. ईआर३२ चे प्रत्येक कोलेट १ मिमीपर्यंत दाबते, पण लिहिलेल्या मापापेक्षा जाड शँक त्यात कधीही ढकलू नये. कोलेट आधी नटमध्ये तिरके धरून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवावे आणि मग नट चकवर चढवावा. अनेक जण कोलेट थेट चकमध्ये टाकून वरून नट आवळतात. मग काढताना ते निघत नाही आणि कटरही केंद्रातून हलून फिरतो, म्हणजे त्याची धाव वाढते. नटला पाइप लावून आवळू नये.

साइड लॉक होल्डर का घ्यावा, हे एका ग्राहकाच्या अनुभवावरून सांगते. ते विंचच्या ५० मिमी शाफ्टवर १४ मिमीचा कीवे ईआर कोलेटमध्ये धरलेल्या एंड मिलने कापत होते. सुरुवातीला खोली ५.५ मिमी होती आणि शेवटाला पोचेपर्यंत ती ५.९ झाली. कटरचा वळसा त्याला हळूहळू खाली ओढत होता आणि कोलेट फक्त घर्षणाने धरून होते. साइड लॉकमध्ये शँकच्या सपाट खाचेवर स्क्रू बसतो, त्यामुळे कटर खाली सरकत नाही. जड कीवेसाठी तोच योग्य आहे.

तुमच्या १ इंची आर्बरबद्दल मात्र उदास होऊ नका. १ इंची भोकाचे साइड अँड फेस कटर अजून मिळतात. आर्बर सरळ असेल तर तो टाकू नये.

उद्यमबाग

मी बेळगावच्या उद्यमबागेत गिअर कापण्याचे काम करतो. गोव्यातून आमच्याकडे बरेच गिअर येतात, कधी चोर्ला घाटाने गाडीतून तर कधी बसच्या पार्सलने. तुमच्या ३८ दात्यांच्या गिअरबद्दल विचारतो. तो सरळ दात्यांचा आहे की तिरक्या? सरळ असेल तर त्याचा बाहेरचा व्यास मोजा. दाते सम संख्येत आहेत, त्यामुळे समोरासमोर दोन दाते धरून व्हर्नियरने थेट माप घेता येईल. त्या मापाला ४० ने, म्हणजे दात्यांची संख्या अधिक २ ने भागले की मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे मेट्रिक माप) मिळतो. जोडीच्या गिअरचे दातेही मोजून सांगा.

डिचोलीचा कारागीर

दाते सरळ आहेत. बाहेरचा व्यास १०१.५ मिमी. जोडीच्या गिअरचे दाते २२. भागाकार २.५४ च्या जवळ येतो आहे, हा २.५ मॉड्यूलच असावा आणि माझ्या मोजण्यात चूक असावी, असे वाटते.

उद्यमबाग

तुमचे मोजणे बरोबर आहे आणि तुमची शंकाच चुकीची आहे. हीच जागा आहे जिथे सर्वाधिक गिअर वाया जातात. २.५ मॉड्यूलचा ३८ दात्यांचा गिअर असता तर बाहेरचा व्यास १०० मिमी आला असता. झिजलेला गिअर मापात लहान होतो, मोठा कधीच होत नाही, त्यामुळे १०१.५ हे झिजेने समजावता येत नाही. हा इंच पद्धतीचा १० डीपी (पिच व्यासाच्या दर इंचाला १० दाते) गिअर आहे. १० डीपी म्हणजे २.५४ मॉड्यूल, आणि त्या हिशोबाने नवा व्यास बरोबर ४ इंच, म्हणजे १०१.६ मिमी असावा. याची दुसरी खातरजमा दोन गिअरांच्या मध्यांमधील अंतरावरून होते. ३८ अधिक २२ म्हणजे ६० दाते. त्यांच्या निम्म्याला २.५४ ने गुणले की ७६.२ मिमी, म्हणजे बरोबर ३ इंच. तुमच्या गिअरबॉक्समधील दोन शाफ्टांचे अंतर मोजा. ते ७६.२ आले तर शंकेला जागाच उरत नाही.

आता दात्याचा दाबकोन, म्हणजे दात्याच्या बाजूचा कल. जुन्या इंच पद्धतीच्या गिअरमध्ये तो १४.५ अंशही असतो आणि २० अंशही. हे न पाहता गिअर कापला तर तो बसेल, पण गुरगुरेल आणि सहा महिन्यांत जोडीदाराला खाऊन टाकील. हे ओळखण्याची पद्धत अशी: व्हर्नियरच्या दोन जबड्यांत चांगले राहिलेले चार दाते घट्ट धरून माप घ्या, नंतर पाच दाते धरून घ्या. दोन्ही मापांतला फरक ७.५ मिमीच्या जवळ आला तर २० अंश आणि ७.७ मिमीच्या पुढे आला तर १४.५ अंश. पाच-सहा ठिकाणी घ्या आणि सरासरी काढा. कमी झिजलेली बाजू निवडा.

गिअर ईएन३५३ पोलादात कापून, केस हार्डन करून (वरचा थर कडक करून) कडकपणा ५८ ते ६० एचआरसीपर्यंत आणावा लागेल. हार्डनिंगनंतर भोक थोडे आवळते, म्हणून भोकात ग्राइंडिंगसाठी माल शिल्लक ठेवावा लागतो. ज्या शाफ्टवर तो बसतो त्याचे माप मला मायक्रोमीटरने घेऊन द्या, व्हर्नियरने नको. जोडीचा २२ दात्यांचा गिअर पाठवून द्या. त्याच्या दात्यांवर चकाकी एका बाजूला सरकलेली असेल तर दोन्ही नवीन करणे शहाणपणाचे ठरेल. त्याशिवाय तुटलेल्या दात्यांचे तुकडे गिअरबॉक्सच्या तेलातून शोधून काढा आणि मोजा. एक जरी आत राहिला तरी तो नव्या गिअरलाही मोडेल.

बार्जवाला, वास्को

बेअरिंगबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. स्पिंडल उघडलाच तर बेअरिंगवरचा क्रमांक पुसून वाचा. बहुतेक मेट्रिक बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतले भोक मिळते. ३०२११ असेल तर ५५ मिमी. इंची टेपर रोलर बेअरिंगमध्ये आतल्या कोनवर वेगळा आणि बाहेरच्या कपवर वेगळा क्रमांक असतो, दोन्ही लिहून घ्यावे लागतात. मशीनचे गिअर इंची निघाले आहेत, तेव्हा ही शक्यता धरून चला. स्पिंडलला साधे बेअरिंग घालू नये. पी५ या अधिक अचूक वर्गाचे मागावे. किंमत जास्त आहे, पण उरलेल्या मशीनची अचूकता त्याच्यावरच उभी आहे. ऑइल सीलला फक्त आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी लागते आणि ती मापे त्याच्यावरच छापलेली असतात.

दुसरे सांगायचे ते गंजाविषयी. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जो ओलावा असतो, त्यात वास्कोच्या बाजूला तर मीठही असते. नवा ग्राइंड केलेला होल्डर घामट हाताने धरून रात्री टेबलावर ठेवला तर सकाळी त्याच्यावर बोटांचे ठसे तांबूस होऊन उमटलेले दिसतात. मी हे स्वतःच्या होल्डरवर पाहिले आहे आणि तो डाग पुढे कितीही पुसला तरी टेपरवर खडबडीत राहिला. आता मी प्रत्येक टेपरवर काम संपताना स्पिंडल ऑइलचा पातळ हात फिरवतो, होल्डर लाकडी ठोकळ्यात उभे ठेवतो आणि पावसाळ्यात ते पेटीत ठेवून आत एक लहान बल्ब चालू ठेवतो. स्पिंडलच्या आतले टेपर विसरू नका. काम नसतानाही त्यात एक होल्डर तेल लावून बसवलेला असावा.

डिचोलीचा कारागीर

मंडळी, तुमच्या उत्तरांनी मी अक्षरशः भारावून गेलो आहे. दोन प्रश्न उरले. एक, भंगारवाल्याकडे मला चार जुने ४० टेपर होल्डर दिसले आहेत, ते घ्यावेत का? दोन, टेबलाच्या स्क्रूची ढिलाई. डायल लावून पाहिले तर चाक फिरवल्यावर टेबल हलण्याआधी १.२ मिमी रिकामे जातात, पण टेबल एका टोकाला नेले तर तेच ०.४ मिमी येतात.

जुना फिटर

होल्डर घ्या, पण तपासून. टेपरवर बोटाचे नख उभे फिरवा. चर लागली तर ठेवून द्या. नंतर प्रशियन ब्लूचा (कुठे टेकते ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ थर लावून तुमच्या स्पिंडलमध्ये बसवा, थोडा फिरवून काढा. निळा रंग मोठ्या तोंडाकडे सर्व बाजूंनी उठला पाहिजे. फक्त शेपटीकडे उठला तर तो होल्डर पुढे झोके घेणार. मागचे आटे पाहायला विसरू नका, आणि चाव्यांच्या खाचांच्या कडा पसरलेल्या असतील तर तो कोणीतरी टेपर ढिला ठेवून वापरला आहे असे समजा. एक उपयोगी गोष्ट सांगतो: त्यांपैकी एखाद्यावर जर आटे असलेल्या शँकच्या एंड मिलसाठीचा जुना ब्रिटिश पद्धतीचा चक असेल, तर तो फेकू नका. त्याचे कटर मागे २० आटे प्रति इंच असे असतात, आणि तो चक कटरला खाली सरकूच देत नाही.

ढिलाईबद्दल तुम्ही स्वतःच उत्तर शोधले आहे, फक्त ते ओळखले नाही. टोकाला ०.४ आणि मध्ये १.२, याचा अर्थ ०.८ मिमी झीज स्क्रूच्या मधल्या भागात आहे, नटमध्ये नाही. आज तुम्ही नवा फॉस्फर ब्राँझचा नट घातलात तर तो एकतर मध्ये ढिला राहील किंवा टोकांना अडकेल. म्हणून स्क्रू आणि नट दोन्ही नवीन करायचे, किंवा सध्या दोन्ही तसेच ठेवून कटरच्या विरुद्ध दिशेनेच फीड द्यायची. कटरच्या दिशेने टेबल नेलेत तर १.२ मिमीची ही ढिलाई कटर एका झटक्यात खाईल आणि दाते उडतील. नवा स्क्रू बनवताना पिच अंदाजाने धरू नका. पट्टी लावून २० आट्यांचे अंतर मोजा. १०० मिमी आले तर ५ मिमीची पिच, १०१.६ आले तर इंचाला ५ आटे. चाकावरची रिंग इंचात आहे की मिमीत, हेही त्यावरून जुळले पाहिजे. नट दोन तुकड्यांत करून मध्ये फट ठेवलीत, तर पुढची झीज आवळून काढता येईल.

निदेशक, फोंडा

फिटरबाबांच्या म्हणण्याला एकच जोड. नामपट्टी शाबूत असलेल्यांसाठी गोष्ट थोडी सोपी असते. एचएमटीच्या पिंजोर कारखान्याची किंवा बेंगळुरूच्या बीएफडब्ल्यूची (भारत फ्रिट्झ वर्नर) जुनी मशीन देशभर चालू आहेत, त्यामुळे त्यांचे वापरलेले भाग जुन्या यंत्रांच्या बाजारात हिंडल्यास सापडतात. तरीही मागवण्यापूर्वी माप घेण्याची सवय त्यांनीही ठेवावी. वर्षानुवर्षे चाललेल्या मशीनमध्ये आधीच्या कोणी काय बदलले आहे, हे पट्टीवर लिहिलेले नसते.

डिचोलीचा कारागीर

दीड महिन्यानंतर लिहितो आहे.

एम१६ चा ड्रॉबार फिटरबाबांनी सांगितला तसाच, आटे आणि खांदा एकाच सेटिंगमध्ये घेऊन बनवला. तो जुन्यापेक्षा ३३ मिमी लांब झाला. माझा चक बीटी ४० चाच निघाला आणि त्याच्या आतल्या साध्या भोकामुळे ५ मिमी जास्त धरावे लागले. ईआर३२ मध्ये १२ मिमीची गोल पिन धरून, तोंडापासून ४० मिमीवर लिव्हर डायल लावला तेव्हा धाव ०.०२ मिमी आली. झिजलेल्या होल्डरमध्ये तीच ०.१५ येत होती. पहिला कीवे कुटबणच्या एका विंच शाफ्टवर कापला आणि त्याची कड पाहून वडील बराच वेळ शाफ्टवर अंगठा फिरवत उभे राहिले. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून जुन्या ड्रॉबारचे डोके लाल आणि नव्याचे निळे रंगवले आहे.

गिअरबॉक्सच्या शाफ्टांचे अंतर ७६.२ मिमीच आले आणि चार व पाच दात्यांच्या मापांतला सरासरी फरक ७.४९ मिमी, म्हणजे २० अंश. तेलातून दात्यांचे तुकडे काढले. दोन दात्यांचे तीन तुकडे झाले होते. तिसरा चाळणीने तेल गाळल्यावर सापडला. बेळगावहून दोन्ही गिअर बसच्या पार्सलने आले, बसवले, आणि फीड आता पूर्वीपेक्षा शांत चालते. उद्यमबागवाल्या भाऊंना देव बरें करूं.

भंगारातल्या चार होल्डरांपैकी दोन घेतले. दोघांच्याही मागे ५/८ चेच आटे आहेत आणि पिच गेजप्रमाणे आमचा जुना ड्रॉबार ६० अंशांचा निघाला, त्यामुळे ते त्याच्यावर चालतात. टेबलाच्या स्क्रूचे २० आटे १०१.६ मिमी भरले. स्क्रू आणि नट यांचे काम आता चतुर्थीच्या सुट्टीत काढणार आहोत, कारण तेव्हा कामगार गावी असतात आणि मशीन तसेही बंद राहते. तोवर फीड एकाच दिशेने.

नामपट्टीच्या त्या दोन भोकांवर मी ॲल्युमिनियमची एक पट्टी बसवली आहे. तिच्यावर अक्षरांच्या ठशांनी ठोकून लिहिले आहे: टेपर ४०, ड्रॉबार लाल ५/८–११ यूएनसी, निळा एम१६, गिअर १० डीपी, २० अंश, टेबल स्क्रू इंचाला ५ आटे, डावे. बेअरिंगच्या क्रमांकासाठी खाली एक ओळ रिकामी ठेवली आहे.